शहाण्याच्या बारा खुणा

२ मार्च

ही वही मुलीने पाठवली. सोबत चिठ्ठी होती : "बाबा, रोज दोन ओळी लिहा. कुणाला दाखवायच्या नाहीत." दाखवायला घरात कोणी नाही. हिला जाऊन चार महिने होत आले.

आज शहाणा पेरला. शहाणा हा हिचा टोमॅटो. दोन टोमॅटोंचा संकर करून बावीस वर्षांपूर्वी आपणच हा वाण काढला, असं ही सांगायची. पलीकडचे मास्तर (निवृत्त हेडमास्तर, एक कुत्रा) म्हणतात की मूळ रोपं त्यांची. मी या वादात कधी पडलो नाही. आमची कामं वाटलेली होती. बी काढून वाळवायचं मी, पेरायचं हिने.

वाळवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. बियाणं तपासणीच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं ओलावा विभागात काढली, मग डीएनए विभागात बदली झाली. बियातला ओलावा मोजायचा तर ते ओव्हनमध्ये एकशे तीन अंशांवर सतरा तास ठेवतात आणि वजन किती घटलं ते पाहतात. घरीही मी तेच करतो. एकशे तीन अंश, सतरा तास. ओलावा जवळजवळ शून्य. इतकं कोरडं बी या भागात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

ऑक्टोबरमध्येही तसंच वाळवलं. तेव्हा ही हॉस्पिटलमध्ये होती. मी सांगितलं तर म्हणाली, "झालं का? पूर्ण सतरा तास?" मी म्हटलं, "सतरा." त्यावर इतकी हसली की ठसका लागला आणि नर्सने मला बाहेर काढलं.

चाळीस बिया पेरल्या. एका बोटाच्या पेराइतक्या खोल. ही तसंच करायची असं वाटतं. मी नीट बघितलं नव्हतं.

१६ मार्च

एकही उगवलं नाही. टोमॅटोला आठ-दहा दिवस पुरतात.

मुलीचा फोन आला.

"बाबा, बी कुठलं पेरलंत?"

"आपलंच. मी वाळवलेलं."

ती आधी खोकली. मग म्हणाली, "दुकानातून एक पाकीट आणा ना."

"दुकानातून कशाला? आपला वाण आहे."

"हो, आहेच. पण बाबा, तो ओव्हन..."

"ओव्हन चांगला चाललाय."

मग म्हणाली, दारावर कोणीतरी आलंय, नंतर बोलते. मला बेल ऐकू आली नाही.

हिने कुंडीत लावलेलं मागच्या हंगामाचं एक झाड स्वयंपाकघराच्या खिडकीत तग धरून आहे. चार फांद्या, त्यातल्या दोन हिरव्या. एक फांदी कापून पाण्यात ठेवून पाहिली, ती कुजली. आता तीन फांद्या. शहाणा एवढाच उरला आहे.

२९ मार्च

मोठा शोध! हिच्या ॲप्रनच्या खिशात कपाटाची किल्ली सापडली. खालच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे, एक मोठी काचेची बरणी होती. गळ्यापर्यंत टोमॅटोचं बी. थरांवर थर, मध्ये कागदाच्या चकत्या, प्रत्येक चकतीवर हिच्या अक्षरात वर्ष. एकवीस थर. बरणीवर चिठ्ठी : "वापरू नये."

म्हणजे दर वर्षी मी वाळवलेल्या बियांतलं थोडं ही अडीअडचणीसाठी राखून ठेवत होती आणि मला बोलली नाही. थोडं म्हणजे बरंच. अंदाजाने जवळजवळ सगळंच. ही वस्तू जपून ठेवणारी होती हे मला माहीत आहे, पण इतका दूरचा विचार हिने केला असेल असं वाटलं नव्हतं.

आताची वेळ अडचणीचीच आहे. प्रत्येक वर्षाच्या दहा, अशा दोनशे दहा बिया पेरल्या. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

१२ एप्रिल

दोनशे दहातलं एक उगवलं. ते गवत निघालं.

संध्याकाळी मास्तर भिंतीवरून डोकावले. भिंत गळ्याएवढी आहे, त्यामुळे मास्तरांचं फक्त डोकं बोलतं.

"काय शेजारी! शहाणा काय म्हणतो?"

"बरा आहे."

"आमचा बघा. वीतभर झाला."

लांबून पाहिलं. त्यांच्या वाफ्यात खरंच हिरवं काहीतरी दाट उभं होतं. मी विचारलं, बी कसं ठेवता.

"बी ठेवण्यात काही नाही हो. पेरण्यात आहे. पेरायच्या आधी उकळतं पाणी! अर्धा तास! बी कणखर होतं. आळशी बी त्यातच बाद. माझी पद्धत आहे, बावीस वर्षांची."

उकळत्या पाण्यात बी मरतं हे शाळेतल्या मुलालाही कळेल. शिकलेला माणूस बावीस वर्षं बी उकळतो आणि त्याला कोणी सांगत नाही, याचं नवल वाटलं. मीही सांगितलं नाही. तरीही त्यांचं उगवतं, म्हणजे शहाणा हा वाणच चिवट आहे.

मग आमचाच का उगवत नाही, कळत नाही. पेरण्यात माझं काहीतरी चुकत असणार. हिला विचारायचं राहिलं.

२० एप्रिल

भाजीबाग मंडळाची सभा. ही सभासद होती, माझं नाव हिच्यामागे आपोआप लागलं. बागेच्या भिंतीवर एक कायमचा फलक लावायचा आहे : इथल्या लोकांनी काढलेले वाण आणि ते काढणाऱ्यांची नावं. सचिवबाईंनी अर्ज वाचले. तिसरा अर्ज : "शहाणा टोमॅटो. निर्माते : हेडमास्तर."

मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून बसलो. मग पुन्हा उभा राहिलो.

सचिवबाई म्हणाल्या, "तुम्हाला बाहेर जायचंय का? दार तिकडे आहे."

मी म्हटलं, "तो हिचा आहे."

"कुणाचा?"

"हिचा. माझ्या बायकोचा."

मास्तर म्हणाले, "वहिनींबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण मूळ रोपं माझी. पुरावा आहे का तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "डीएनए." एकच शब्द, पण सगळ्यांनी वळून पाहिलं.

सचिवबाईंनी अट सांगितली. वाण बाजारातल्या सगळ्या वाणांहून वेगळा असला पाहिजे, आणि तसा लॅबचा दाखला तीस जूनच्या आत हवा. मग कुणाचं नाव ते मंडळ ठरवेल. नाही तर फलकावर शहाणाही नाही आणि नावही नाही.

हिचं नाव त्या भिंतीवर लागलं पाहिजे. हिची दुसरी कुठलीच वस्तू अशी नाही की जिच्यावर नाव घालता येईल.

अर्जात एक रकाना आहे : वाणाला हे नाव का दिले? मुलीला फोन करून विचारलं.

"तुम्हाला खरंच माहीत नाही, बाबा?"

"नाही."

"मग 'माहीत नाही' असंच लिहा. त्यातच आलं सगळं."

लिहिलं.

२३ एप्रिल

मॅडमना विचारलं. आमच्या विभागाच्या प्रमुख. माझ्याहून तेरा वर्षांनी लहान, पण लॅबमधल्या चमच्यांनाही त्यांचा धाक आहे.

काम समजावून सांगायचं तर असं. टोमॅटोची दोन झाडं दिसायला सारखी असली तरी वाण वेगळा असू शकतो, आणि एकाच वाणाची दोन झाडं माती-पाण्याने वेगळी दिसू शकतात. म्हणून पान वाटून त्यातून डीएनए काढायचा. डीएनएमध्ये काही जागा अशा असतात की तिथे तीच दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, कुठल्या वाणात दहा वेळा, कुठल्यात चौदा वेळा. त्या जागांना आम्ही खुणा म्हणतो. मशिनमध्ये त्या जागेच्या लाखो प्रती काढायच्या आणि जेलमधून विजेच्या जोरावर पळवायच्या. आखूड तुकडे पुढे जातात, लांब मागे राहतात. जिथे थांबतील तिथे पट्टी दिसते. टोमॅटोसाठी आम्ही बारा खुणा पाहतो. बाराही पट्ट्या जुळल्या तर वाण एकच धरतो.

मॅडम म्हणाल्या, "करा. पण घरचा नमुना तुम्ही वाचायचा नाही. तुम्ही डीएनए काढा, नमुन्यांना नंबर द्या, पट्ट्या मी वाचणार."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे. पण तुम्ही पट्ट्यांकडे असं बघाल की त्या सरकतील."

४ मे

हिच्या कुंडीतली पानं घेतली. हिच्याच कात्रीने. झाडाला म्हटलं, दोनच घेतो.

मास्तरांकडे गेलो. म्हटलं, तुमच्या वाफ्यातलं एक पान द्या. ते दारातच आडवे उभे राहिले.

"वाफ्यात येऊ नका. कुत्रा सोडलाय."

कुत्रा माझ्या पायाशी पाठीवर लोळत होता.

"पान मीच आणून देतो. बंद पाकिटात. सहीसकट."

आणून दिलं. पाकिटावर तीन ठिकाणी सही होती आणि एका ठिकाणी कुत्र्याचा पंजा.

९ मे

जेल फुकट गेलं. दर वेळी एका नळीत नुसतं पाणी ठेवतो, तिथे काहीच दिसता कामा नये. आज पाण्यातही पट्ट्या आल्या. पिपेटचं टोक बदलायला मी विसरलो आणि हिच्या टोमॅटोचा डीएनए पाण्यातही गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मॅडमनी जेल बराच वेळ पाहिलं. "पाण्याचाही वाण निघाला. मंडळाला कळवा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चार दिवस सुट्टी घेता का?"

मी म्हटलं, सुट्टीत काय करू.

त्या म्हणाल्या, "बरं. मग टोकं बदला."

कुंडीतली आणखी दोन पानं घेतली. आता मोजून एकवीस उरली.

१७ मे

मॅडमनी बोलावलं. चेहरा गंभीर.

"नमुना क्रमांक चार कुणाचा?"

"मास्तरांचा."

"त्यांचा धंदा काय?"

"हेडमास्तर होते."

"कुठल्या विषयाचे?"

"माहीत नाही. का?"

"तो बटाटा आहे."

अर्ध्या खुणांवर पट्टीच नव्हती आणि उरलेल्या भलत्याच ठिकाणी होत्या. त्यांनी शंका आली म्हणून बटाटा विभागातला नमुना शेजारी लावला, तर तंतोतंत जुळला. टोमॅटो आणि बटाटा चुलतभाऊच. पानं भिंतीवरून सारखीच दिसतात.

बाकीचा निकाल पुढच्या आठवड्यात देते म्हणाल्या. माझ्या नजरेला नजर मात्र दिली नाही.

१८ मे

मास्तरांकडे गेलो.

"मास्तर, बटाटा आहे."

"कोण?"

"तुमचा टोमॅटो."

"काहीतरीच! पाकीट बदललं असेल कुणीतरी."

"तीन सह्या आहेत."

मास्तरांनी कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याने दुसरीकडे पाहिलं. मग मास्तर पायरीवर बसले.

"उगवलंच नाही हो यंदा. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दोनदा पेरलं. रिकामा वाफा तुम्हाला दिसेल, म्हणून घरातले कोंब आलेले बटाटे खोचले. लाज वाटली."

मी पण बसलो. म्हटलं, "आमचंही नाही उगवलं."

"काय सांगता? एकही नाही?"

"एक उगवलं. ते गवत होतं."

हसायचं की नाही हे आम्हा दोघांनाही ठरवता येईना. कुत्रा मध्ये येऊन बसला.

"वहिनी गेल्या," मास्तर म्हणाले, "आणि सगळं बसलंच बघा."

विचार केला. दोन घरं, दोन पद्धती, बी वेगळं ठेवलेलं, आणि दोन्हीकडे एकाच वर्षी शून्य. दोन्हींत समान असं एकच काय आहे? माती. मातीला काहीतरी झालं आहे. मास्तरांनाही पटलं.

२१ मे

निकाल.

बाराच्या बारा खुणा जुळल्या. हिचा शहाणा आणि बाजारातला "नंबर सात" यांच्यात काडीचा फरक नाही. नंबर सात म्हणजे चौकातल्या बियाण्यांच्या दुकानात मिळणारं सगळ्यात साधं पाकीट, लाल टोमॅटोचं चित्र असलेलं.

मॅडम म्हणाल्या, "मी दोनदा चालवलं. तिसऱ्यांदाही चालवलं असतं, पण पट्ट्या बदलणार नाहीत."

मी म्हटलं, बरोबर आहे.

"तुम्हाला पाणी देऊ?"

मी म्हटलं, पाण्यातही निघेल. हे मी का बोललो कळत नाही. मॅडम हसल्या आणि मग त्यांनी चष्मा पुसायला घेतला, बराच वेळ पुसला.

२२ मे

पहाटेच लक्षात आलं. पट्ट्या जुळतात याचा अर्थ एवढाच की वाण एक आहे. कुणी कुणाचा घेतला हे पट्ट्या सांगत नाहीत. हिने त्या दुकानदारणीला कधीतरी शहाण्याचं बी दिलं असेल. ही कुणालाही काहीही द्यायची. आणि त्या बाईने ते पाकिटात भरून नंबर सात म्हणून विकायला काढलं!

म्हणजे चोरी आहे. उद्या दुकान बंद असतं. परवा जातो.

२४ मे

दुकानात गेलो. रिपोर्ट घेऊन. कोट घालून.

बाई ठेंगण्या, कानावर पेन. मी रिपोर्ट समोर ठेवला आणि म्हटलं, "नंबर सात हा माझ्या बायकोचा वाण आहे. बावीस वर्षांपासून."

"कोण तुमच्या मिसेस?"

मी वर्णन केलं. निळा ॲप्रन, खिशात कात्री, बोलायला लागली की पिशवी जमिनीवर ठेवायची.

बाईंचा चेहरा उजळला. "अगोबाई! त्या होय! बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत. फेब्रुवारी संपला की ठरलेल्या यायच्या. कशा आहेत?"

मी सांगितलं.

बाईंनी कानावरचं पेन काढून हातात धरलं. पुढचं गिऱ्हाईक आलं त्याला "थांब जरा" म्हणाल्या. मग माझ्याकडे निरखून पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"म्हणजे तुम्हीच का ते ओव्हनवाले?"

मी म्हटलं, कोण ओव्हनवाले.

"अहो, दर वर्षी यायच्या. 'नंबर सातची दोन पाकिटं द्या. आमच्याकडे यंदाही सतरा तास झालेत.' इतक्या हसायच्या! मी म्हणायची, अहो, सांगा ना त्यांना. तर म्हणायच्या, 'नको. इतकं मन लावून करतात. घड्याळ लावून बसतात हो ओव्हनपुढे.'"

मी रिपोर्ट परत घेतला. घडी घातली. नीट बसली नाही, म्हणून पुन्हा घातली.

"दोन पाकिटं का?" मी विचारलं.

"एक शेजाऱ्यांसाठी. ते बी उकळतात म्हणे."

२५ मे

लिहिण्यासारखं काही नाही.

२६ मे

विचार करून पाहिला. मास्तर रोज सकाळी सात ते पावणेआठ कुत्र्याला फिरवतात. मार्चच्या शेवटी शेवटी ही त्याच वेळी "जरा मागे जाऊन येते" म्हणायची आणि हात मातीने भरून यायची. मी पेपर वाचत असायचो. एकदा विचारलं होतं, आपला वाफा तर इकडे आहे, तू तिकडून कशी आलीस? म्हणाली, "बातम्या काय आहेत?" मी बातम्या सांगितल्या.

पण ऐकीव माहितीवर निष्कर्ष काढू नये. उगवण विभागात रीतसर दोन नमुने दिले. अ : मी वाळवलेलं. ब : नंबर सात, परवा दुकानातून आणलेलं. शंभर-शंभर बिया, ओल्या कागदावर, चौदा दिवस.

९ जून

अ : शून्य. ब : शहाण्णव.

उगवण विभागातल्या बाईने विचारलं, "अ हा वाटाणा भाजतात तसा भाजलाय का कुणी?" मी म्हटलं, हो, एक जण आहेत.

एकोणीस वर्षं मी ओव्हनमधून बी काढलं, वजन केलं आणि टोपलीत टाकलं. त्यातलं कुणी कधी पेरलं नाही. पेरायचं नसतंच ते. हे मला एकदाही सुचलं नाही.

म्हणजे मूळ शहाणा पहिल्याच वर्षी आमच्या ओव्हनमध्ये गेला, आणि मास्तरांचा त्यांच्या पातेल्यात. मूळ हिचा की मास्तरांचा, हे आता कुठलीही खूण सांगू शकणार नाही.

मुलीला फोन केला. म्हटलं, तुला माहीत होतं.

"आईने शपथ घातली होती, बाबा." ती रडत होती की हसत होती, फोनवर कळलं नाही. बहुतेक दोन्ही. "रागावलात?"

"नाही. पण बावीस वर्षं चव बदलल्याचं मला कसं कळलं नाही?"

"कसं कळणार? तुम्हाला टोमॅटो आवडतच नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?" मी हे कुणाला कधी बोललो नव्हतो. हिला वाईट वाटलं असतं, म्हणून दर जेवणाला दोन फोडी खायचो.

"आईने. म्हणायची, सांगत नाहीत बिचारे, पण गिळताना डोळे मिटतात."

२८ जून

मंडळाची सभा. सचिवबाईंनी रिपोर्ट मागितला. मास्तर पहिल्या रांगेत, मान खाली, कानाच्या पाळ्या लाल. बटाटा आता सगळ्यांसमोर निघणार असं त्यांना वाटत असणार.

मी उभा राहिलो. या वेळी एकदाच. म्हटलं, "दोन्ही नमुने मंडळाच्या अटीत बसत नाहीत." आणि बसलो.

"म्हणजे नक्की काय निघालं?" सचिवबाई.

"बाजारातला वाण."

"दोन्ही?"

मी म्हटलं, "दोन्ही बाजारात मिळतात." हे खोटं नाही. बटाटाही मिळतो.

सचिवबाईंनी यादीतल्या शहाण्यावर रेघ मारली. ती मारताना त्यांनी पट्टी वापरली. हिचं नाव फलकावर लागणार नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सहन झालं.

तेवढ्यात मास्तर उठले. "माझा अर्ज होता त्यात एक दुरुस्ती नोंदवून घ्या. तो कुठलाही वाण असो, राखला वहिनींनी. माझं नाव चुकून पडलं होतं."

"पण आता वाणच यादीत नाही," सचिवबाई म्हणाल्या.

"तरी नोंदवा."

नोंदवलं. फलकावर नाही, सभेच्या वहीत. पान त्र्याऐंशी.

५ जुलै

बरणी खाली काढली. ऑक्टोबरचं उरलेलं बी वर ओतलं, कागदाची चकती कापली, वर्ष लिहिलं. बावीस थर झाले. आता बरणी खरोखरच गळ्यापर्यंत भरली. झाकण लागायला जरा दाबावं लागलं. "वापरू नये" ही चिठ्ठी सुटत होती, ती चिकटवली.

ओव्हनमध्ये आता पातेली ठेवतो.

नंबर सातची दोन पाकिटं जूनमध्येच पेरली होती. ऐंशी बिया, सत्त्याहत्तर रोपं. मी वाकून वाकून पाहतो. बियाण्यांच्या नोकरीत तीस वर्षं झाली, पण माझ्या हातचं काही उगवलेलं मी पहिल्यांदा पाहत आहे. कोंब वर येताना टोपी घालून येतो, बियाचं साल असतं ते. मग टोपी पडते. हे हिने मला एकदा सांगितलं होतं, तेव्हा मी "हो का" म्हटलं होतं.

११ जुलै

मास्तरांनी बटाटे काढले. मला सहा आणून दिले. चांगले होते. म्हणाले, आता उशिराचा हंगाम धरतो, शहाण्याची शेवटची चिमूट उरली आहे माझ्याकडे, मोजून चौदा बिया, त्याच पेरतो.

"उकळून?"

"अर्थात! पद्धत ती पद्धत."

मी बटाटे घेऊन आत आलो.

२३ जुलै

सात वाजून पाच मिनिटांनी मास्तर कुत्र्याला घेऊन कोपऱ्यावर वळले. मी ट्रे घेऊन मागच्या फाटकातून गेलो. हिची कात्री, हिचं खुरपं, हिचा ॲप्रनही, कारण खिसे सोयीचे आहेत. चौदा रोपं लावली. लहान लहान निवडून, नुकतीच उगवल्यासारखी दिसतील अशी. गुडघे फार दुखले. ही साठीला आली होती आणि हे दर वर्षी करायची, तेही पेपर वाचून व्हायच्या आत.

सात चाळीसला घरी. हात धुतले. पेपर उघडून बसलो, पण उलटा धरला होता.

२४ जुलै

सकाळी भिंतीवर मास्तरांचं डोकं आलं. मी अंगणात होतो.

"शेजारी! उगवलं बघा. चौदाच्या चौदा!"

"वा. माती चांगली आहे तुमची."

"माती नव्हे, पद्धत. बावीस वर्षांचा हात आहे!"

"ते तर आहेच."

मास्तर जायला वळले. मग थांबले. पाठ माझ्याकडेच होती.

"एक गंमत आहे," ते म्हणाले. "दर वर्षी अगदी सरळ रेषेत उगवतं. दोरी लावल्यासारखं. यंदा ओळ जरा वाकडी आलीय."

कुत्रा भिंतीपलीकडे कुठेतरी उकरत होता.

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी सरळ येईल."